साइड व्हीलची स्कूटर आणि सरकारी मदत: थोडा इतिहास, थोडं मार्गदर्शन

"डॉक्टरसाहेब, तुमच्या सर्टिफिकेटवर गाडीला काही अनुदान भेटतं का?"

शिरड शहापूरच्या रुग्णांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. विचारणाऱ्यांत लहानपणी पोलिओ झालेले पन्नाशीतले गृहस्थ असतात, विहिरीत पडून मणक्याला मार लागलेले शेतकरी असतात आणि मधुमेहामुळे पाय गमावलेले दुकानदारही असतात. इथून औंढ्याला, वसमतला किंवा हिंगोलीला जायचं तर एसटीची पायरी चढणं हीच त्यांची पहिली अडचण असते. स्वतःची गाडी हा त्यांच्यासाठी शौक नाही. तपासणी, बाजार आणि रोजगार त्या गाडीवर अवलंबून असतो.

या प्रश्नाचं उत्तर "हो" असंही आहे आणि "नाही" असंही. ते असं अर्धवट का राहिलं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात सैनिकांपासून

अपंगांना चालतं-फिरतं करण्याची जबाबदारी सरकारने प्रथम घेतली ती युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली; ती पुण्यात खडकीला आहे. १९४४ मध्ये पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. अमेरिकेने १९४६ मध्ये कायदा करून, युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांना मोटार घेण्यासाठी १,६०० डॉलरपर्यंत मदत दिली. ब्रिटनमध्ये सरकार फिकट निळ्या रंगाची, एका माणसापुरती तीनचाकी गाडी देत असे. तिचं नाव इनव्हाकार.

ब्रिटनमध्ये पुढे एक महत्त्वाचा बदल झाला. १९७६ मध्ये तिथे अपंग व्यक्तीला फिरण्यासाठी भत्ता सुरू झाला. १९७७ मध्ये मोटॅबिलिटी ही योजना आली. भत्त्याच्या पैशातून आपल्याला जमेल अशी गाडी भाड्याने घ्यायची आणि ती आपल्या शरीराप्रमाणे बदलून घ्यायची, अशी ती सोय. आधी सरकार ठरवील ती गाडी माणसाला घ्यावी लागे, आता पैसा माणसाच्या मागे जाऊ लागला. हा फरक लक्षात ठेवा, कारण आपल्याकडची अडचण नेमकी इथेच आहे.

कायद्यातली एक छोटी अट

आपला १९३९ चा मोटार वाहन कायदा इंग्रजांच्या काळातला. त्यात 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे अपंगांची गाडी, अशी वेगळी व्याख्या होती. गाडी अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेली हवी, साध्या गाडीत नुसता बदल केलेली चालणार नाही, अशी त्यात अट होती. ब्रिटनच्या १९३० च्या कायद्यातही ती होती. आपण १९८८ मध्ये नवा कायदा केला, पण ही अट तशीच ठेवली.

आता जरा आपल्या रस्त्यांवर पाहा. मुद्दाम अपंगांसाठी बनवलेली स्कूटर कोणत्या शोरूममध्ये होती? लोक साधी स्कूटर घेत आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना साइड व्हील बसवून घेत. म्हणजे लोक प्रत्यक्षात जे वापरत होते, तेच कायद्याच्या व्याख्येबाहेर होतं.

साइड व्हील का लागतात?

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा संदेश देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. स्नायू लुळे पडतात, बहुतेक वेळा पायांचे. संवेदना मात्र शाबूत राहतात आणि हात बऱ्याचदा धडधाकट असतात. दुचाकी चालू असताना तोल सांभाळते, पण थांबली की पाय टेकावाच लागतो. त्या पायाचं काम साइड व्हील करतात.

जुन्या स्कूटरला किक मारायला पाय लागे, मागचा ब्रेक दाबायलाही पाय लागे. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू होत असे. हातांत ताकद असलेल्या माणसाला अशी गाडी चालवणं जमण्यासारखं होतं. नंतरच्या सगळ्याच बिनगिअरच्या स्कूटरांनी ही वाट रुंद केली.

भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लसीकरणाचं हे मोठं यश आहे. पण लस पोहोचण्याआधी ज्यांना आजार झाला, ती पिढी आज आपल्यातच आहे. तिचे खांदे आणि मनगटं आता झिजत चालली आहेत. कुबड्यांवर निभावलेल्या माणसाला साठीजवळ गाडीची गरज कमी होत नाही, वाढते.

सरकारी पैसा कुठे गेला?

कानपूरला १९७२ मध्ये अ‍ॅलिम्को हे कृत्रिम अवयव आणि साधनं बनवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं. १९८१ पासून केंद्राची एडिप योजना आली. कॅलिपर, कुबड्या, व्हीलचेअर, हाताने चालवायची तीनचाकी सायकल ही साधनं शिबिरांतून गावोगावी पोहोचली. ग्रामीण भागासाठी हे काम खरोखर मोलाचं आहे.

पुढे या योजनेत मोटार बसवलेली तीनचाकी सायकलही आली. २०१४ च्या सुधारित योजनेत तिच्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली गेली. वय १६ वर्षांच्या पुढे हवं आणि अपंगत्व तीव्र हवं. व्यवहारात त्यासाठी ८० टक्क्यांचं प्रमाणपत्र मागितलं जातं.

खाच इथेच आहे. एका पायाला पोलिओ झालेल्या माणसाचं प्रमाणपत्र ५० किंवा ६० टक्क्यांचं असतं. त्याला मोटारची तीनचाकी मिळत नाही. त्याला ती नकोही असते. त्याला हवी असते स्कूटर आणि साइड व्हील. त्यासाठी मात्र योजनेत जागा नव्हती. सरकारची मदत तयार साधनाला होती, घरच्या गाडीतल्या बदलाला नव्हती. तो खर्च कुटुंबानेच केला.

कायदा बदलला

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४१ मध्ये प्रथमच स्पष्ट आलं: दिव्यांगांना परवडेल असं फिरता यावं म्हणून सरकारने सवलती द्याव्यात आणि वाहनांत बदल करून देण्याच्या योजना आखाव्यात.

तरी गाडीतल्या बदलांचा प्रश्न उरलाच होता. कंपनीने दिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. तो खटला दिव्यांगांच्या गाड्यांचा नव्हता, पण नियम सर्वांनाच लागू होता. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. 'इनव्हॅलिड कॅरेज' हा शब्द गेला आणि 'अडॅप्टेड व्हेईकल' आला. मुद्दाम बनवलेली गाडी आणि बदल करून घेतलेली गाडी, दोन्ही त्यात बसतात. मालकाने बदल करून घ्यावा आणि परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी, अशी वाट खुली झाली. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालक 'दिव्यांगजन' असल्याची नोंद करता येते. सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने दिव्यांगांच्या वाहनांत बसवायच्या किटवरचा कर ५ टक्के केला.

मोटारीची गोष्ट मात्र उलटी झाली. अस्थिव्यंग असलेल्यांना लहान कारवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान कारवरचा कर सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला. स्वस्ताई सगळ्यांना मिळाली, पण दिव्यांगांना जी वेगळी मदत होती ती उरली नाही. हँड कंट्रोल बसवण्याचा जादा खर्च मात्र त्यांनाच आहे.

मग आज दार कुठे ठोठवायचं?

* प्रमाणपत्र: आधी यूडीआयडी कार्ड काढा. ४० टक्के ही बहुतेक सवलतींची किमान मर्यादा आहे. कोणता हात किंवा पाय बाधित आहे, हे कागदावर स्पष्ट असू द्या. वाहन परवान्यासाठी तेच पाहिलं जातं.
* ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद: स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पूर्वी हा वाटा ३ टक्के होता. गाडीतल्या बदलासाठी मागणी करायची सर्वांत जवळची जागा हीच. अंदाजपत्रक बसण्याआधी लेखी अर्ज द्या, सोबत किटचं कोटेशन जोडा, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय मांडा.
* समाजकल्याण कार्यालय, हिंगोली: एडिपचं शिबिर कधी आहे आणि जिल्हा परिषदेच्या चालू योजना कोणत्या, हे इथे विचारा.
* कर्ज: दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्ज प्रामुख्याने व्यवसायासाठी असतं. गाडीवर धंदा करणार असाल तर चौकशी करा. हे कर्ज फेडावं लागतं, हे विसरू नका.
* नोंदणी: साइड व्हील बसवल्यावर आरसी बुकात बदल नोंदवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

शेवटचा मुद्दा मी रुग्णाच्या अनुभवावरून सांगतो. एका रुग्णाने वेल्डिंगच्या दुकानातून चाकं बसवून घेतली, नोंद केली नाही. उतारावर गाडी कलंडली, मनगट मोडलं आणि वर विम्याचा दावाही नाकारला गेला. चाकं होती म्हणून तो वीस वर्षं फिरला. कागद नव्हता म्हणून एका दिवसात अडकला.

कायद्याने तुमच्या बदललेल्या गाडीला 'गाडी' म्हणायला २०१९ साल उजाडलं. तिच्यासाठी हक्काने पैसे मिळण्याची सरळ योजना अजून हाती आलेली नाही. तोवर ५ टक्के निधीचा अर्ज लिहा. लिहायला अडचण आली तर दवाखान्यात या, वैद्यकीय बाजू मी लिहून देईन.