वऱ्हाडचे सरपण : सवलत आणि हक्क

वऱ्हाडचा इतिहास सांगावयाचा म्हणजे कापसाचा इतिहास सांगावयाचा, अशी आपल्याकडे रूढी आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु ज्या चुलीवर या प्रांताची भाकर भाजली गेली, तिला सरपण कोठून आले, आणि ते कोणाच्या परवानगीने आले, हा प्रश्न इतिहासात क्वचितच विचारला गेला आहे. तो आज विचारावा असे आम्ही योजिले आहे.

उत्तरेस मेळघाटाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पूर्णेच्या खोऱ्यातील पयनघाट, असे वऱ्हाडचे दोन निरनिराळे संसार आहेत. डोंगरात साग, धावडा, मोह. खाली काळ्या जमिनीत झाडी मुळातच विरळ. नाल्याकाठी बाभूळ, बांधावर बोर, आणि बाकी सारे शेत. म्हणून अकोल्याकडील गृहिणीने जंगलाची वाट कधी पाहिलीच नाही. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटावी, तुरीच्या तुराट्या रचाव्यात, गोवऱ्या थापाव्यात, आणि वर्षाची बेगमी करावी. ज्या पिकाने वऱ्हाडला पैसा दिला त्यानेच त्याची चूलही पेटविली, ही गोष्ट कापसाच्या इतिहासकारांनी नमूद करावयास हवी होती.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी मोजणी झाली. नागपूरकडे मालगुजारी होती. तेथे गावचे रान मालगुजाराचे, आणि रयतेने त्यातून सरपण, बांबू, गवत घ्यावयाचे, यालाच 'निस्तार' म्हणत. वऱ्हाडात मालगुजार नव्हता. शेत रयतेच्या नावे लागले, आणि जे कोणाच्याच नावे लागले नाही ते सरकारचे झाले. ज्या रानातून गाव पिढ्यान्‌पिढ्या मोळी आणीत होते त्याचा मालक असा एका नोंदीने बदलला. आणि भांडावयास मध्ये मालगुजारसुद्धा उरला नाही.

मग अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) कापसाचा भाव भडकला, आणि १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपुरास पोहोचली. रुळाखाली लाकूड हवे, शहराला जळण हवे. त्याच दशकात मेळघाटच्या जंगलावर सरकारी राखण बसली. वऱ्हाड नावाने निजामाचाच असल्यामुळे त्याच्यासाठी १८८६ मध्ये वेगळा जंगल कायदा झाला. इमारती व जळाऊ लाकडाचे जंगल, गवताचे रमणे आणि चराईची जंगले अशी वर्गवारी ठरली. गावाच्या चराईची सरकारी जमीन आजही 'ई-क्लास' याच नावाने ओळखली जाते. ज्यांना इंग्रजी अक्षर येत नाही तेही हा शब्द सहज बोलतात.

या व्यवस्थेत गावकऱ्याला सरपण मुळीच मिळत नसे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते मिळे, पण सवलत म्हणून मिळे. हक्क आणि सवलत यांतील अंतर कागदावर एका शब्दाचे आहे. रानात ते फार मोठे आहे. सवलत देणारा ती काढून घेऊ शकतो. म्हणून घेणारा आज मिळेल तेवढे तोडून नेतो. उद्या आपला नाही हे ठाऊक असलेला मनुष्य कोंब राखीत नाही. डोक्यावर मोळी घेऊन बाजाराकडे निघालेली बाई नाकेदाराला चुकवीत आडवाटेने जाते. ती झाडाची शत्रू असते म्हणून नव्हे, तर तिच्या मोळीला कायद्यात सन्मानाची जागा नसते म्हणून.

कोळशाची कथा याहून विलक्षण आहे. मातीच्या भट्टीत सुमारे चार ते सहा शेर लाकूड जाळावे तेव्हा एक शेर कोळसा हाती लागतो. तो हलका, धूर नसलेला, म्हणून लोहाराला आणि इस्त्रीवाल्याला हवा. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने कोळसा हा जंगलातून आलेला असो वा नसो, 'वनोपज'च ठरविला. म्हणजे स्वतःच्या बांधावरची बाभूळ तोडून शेतकऱ्याने कोळसा पाडला, तरी तो जंगलखात्याच्या व्याख्येत येतो! कायद्याची ही दूरदृष्टी थोडी शेतकऱ्याच्या बाजूनेही वापरता आली असती.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात निस्तारपत्रकाची तरतूद राहिली: गावच्या मोकळ्या जमिनीतून रहिवाशांनी लाकूड, सरपण, मुरूम कोणत्या अटींवर घ्यावे याची ती नोंद. १९७० नंतरच्या दशकात जगभर सरपणाच्या दुष्काळाची भाकिते झाली. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली, आणि १९८२ मध्ये महाराष्ट्रात त्याचे वेगळे खाते झाले. तो दुष्काळ भाकितांप्रमाणे आला नाही. कारण गरिबाचे सरपण बहुतांशी वाळल्या फांद्यांचे, बांधाचे आणि शेताचे असते. ते झाडांच्या हिशेबात मावत नाही. हे पयनघाटच्या कोणत्याही म्हातारीने सांगितले असते.

दूर आफ्रिकेत नायजर देशाने १९९२ मध्ये गावांना स्वतःचे लाकूडबाजार चालविण्याची कायदेशीर मुभा दिली. लाकूड गावाने विकावे, त्यातला वाटा गावाकडे राहावा, अशी ती योजना होती. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने याच दिशेने मोठे पाऊल टाकले. त्यात 'निस्तार' हा जुना शब्द सामूहिक हक्क म्हणून नावानिशी आला आहे, गौण वनोपजात झाडोरा आणि बुंधे गणले आहेत, आणि रान राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे.

अचलपूर तालुक्यातील पायविहीर हे सातपुड्याच्या पायथ्याचे लहानसे गाव. त्याला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर उजाड रानावर हा हक्क मिळाला. गावाने मोकाट चराई आणि झाडतोड आवरली, रोजगार हमीतून खड्डे खणले, झाडे लावली. त्या रानातील सीताफळ मुंबईच्या बाजारात गेले, आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जंगलखात्याने अनेक वर्षे राखूनही जे उघडे पडले होते, ते गावाने राखले. मनुष्य तोच, कुऱ्हाड तीच. कागदावरचा शब्द तेवढा बदलला.

पयनघाटाचे मात्र वेगळे आहे. वनहक्क कायदा वनजमिनीपुरता. अकोल्याच्या गावांना ई-क्लास आणि पऱ्हाटी एवढाच आधार. २०१६ नंतर गॅसची शेगडी घरोघर पोहोचली, पण टाकी संपली आणि पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. त्यात गुलाबी बोंडअळी आली. पऱ्हाटीच्या गंजीत ती दडून राहते, म्हणून गंजी ठेवू नका, असे कृषितज्ज्ञ सांगतात. ते खरे आहे. उरली ई-क्लास. गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. पण त्या मोकळ्या जमिनीवर बाभळी कोणी लावाव्यात, आणि त्यांच्या वाळल्या फांद्या कोणी न्याव्यात, हे त्या निर्णयात नाही. ते निस्तारपत्रकात लिहावयाचे असते.