गल्ला आणि मैदान

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा धावांचा, बळींचा आणि वीरांचा इतिहास लिहितात. कोणत्या संघाने कोणाशी व कोणत्या महिन्यात खेळावे, कोणत्या स्पर्धेने कोणाला वाट करून द्यावी, हे कोणी ठरविले, याची चौकशी सहसा होत नाही. ती करू लागले म्हणजे माणूस मैदान सोडून तिकिटांच्या खिडकीशी येऊन पोहोचतो.

आपण दिल्लीकर मराठी मंडळींनी या चौकशीचा आरंभ दूर जाऊन करण्याचे कारण नाही. भारतीय क्रिकेटचे नियामक मंडळ स्थापण्याचा विचार १९२७ मध्ये येथील रोशनारा क्लबाच्या बैठकीत पक्का झाला. पुढील वर्षी मंडळ अस्तित्वात आले तेव्हा ग्रँट गोवन अध्यक्ष आणि अँथनी डिमेलो चिटणीस झाले. १९३३ मध्ये नोंदविलेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची कचेरीही प्रथम नव्या दिल्लीतच होती. परंतु क्लबाला क्रीडांगण बांधावयाचे झाले तेव्हा ते यमुनेकाठी न उभारता मुंबईच्या समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर उभारले गेले. कागद राजधानीत राहिला आणि प्रेक्षक मुंबईत होता. प्रेक्षकाच्या मागोमाग क्रिकेट गेले. आज मंडळाचे मुख्यालयही मुंबईतच, वानखेडे मैदानाच्या आवारात आहे.

मुंबईच्या या प्रेक्षकाला खेचणारी स्पर्धा म्हणजे जातवार सामने. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी व हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले आणि १९३७ मध्ये ‘इतरेजनां’चा संघ मिळून पंचरंगी. दरम्यान १९३४-३५ मध्ये मंडळाने प्रांतवार रणजी करंडक स्पर्धा काढली. राष्ट्राच्या दृष्टीने तीच योग्य होती. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा दोनदा हा करंडक जिंकला. पण पंचरंगीला लोटणारा समुदाय रणजीच्या वाट्याला येत नसे. मान एकीला आणि धन दुसरीला, अशी ही वाटणी होती.

धन आले की वाटेकरी येतातच. डिसेंबर १९३७ मध्ये ब्रेबोर्न क्रीडांगण खुले झाले आणि पहिल्याच पंचरंगीतून हिंदूंचा संघ बाहेर पडला. कारण धर्माचे नव्हते, राजकारणाचेही नव्हते. नव्या क्रीडांगणात हिंदू जिमखान्याच्या वाट्याला किती जागा याव्यात, हा तंटा होता. त्याच मैदानावर १९७३ च्या सुमारास असाच तंटा पुन्हा उभा राहिला. क्रिकेट क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांचे तिकिटांच्या वाटपावरून बिनसले. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे त्या वेळी महाराष्ट्र विधानसभेचे सभापती होते. त्यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे क्रीडांगण उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला.

पुढे खिडकी बदलली. तिकिटाच्या जागी दूरचित्रवाणी आली. १९९३ मध्ये हीरो करंडकाच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले आणि सरकारी प्रक्षेपणाशी तिचा खटका उडाला. वाद टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालयात आला. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालाचे मुख्य पत्र न्यायमूर्ती प. बा. सावंत यांनी लिहिले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नसावी आणि खाजगी धनिकांचीही नसावी, असे त्यात सांगितले आहे. निकालाचा पहिला अर्धा भाग बाजाराने तत्परतेने ऐकला.

अमेरिकेत असाच निकाल अकरा वर्षे आधी लागला होता. तेथे विद्यापीठांच्या सामन्यांचा बाजार मोठा, आणि त्यात हाती चेंडू घेऊन खेळावयाच्या त्यांच्या ‘फुटबॉल’चा गल्ला सर्वांत जड. शेजारशेजारची विद्यापीठे मिळून ‘कॉन्फरन्स’ नावाची मंडळे करीत आणि सर्व खेळ आपसात खेळत. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संघटनेचा ताबा मोडला. त्यानंतर हे उत्पन्न मंडळांच्या हाती गेले आणि मंडळे अधिक मोलाचे सभासद एकमेकांकडून ओढू लागली. ‘बिग ईस्ट’ हे मंडळ १९७९ मध्ये बास्केटबॉलसाठी जन्मले होते. २०१३ मध्ये फुटबॉलच्या ओढाताणीत ते दुभंगले. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनसह सात कॅथलिक विद्यापीठे जुने नाव घेऊन वेगळी झाली आणि त्यांनी बास्केटबॉलचा संसार पुन्हा मांडला. २०२४ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरील लॉस एंजलिसची विद्यापीठे आणि अटलांटिककडील रटगर्स एकाच मंडळात आहेत. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो. त्याला हे अंतर सोसते. बास्केटबॉलच्या मुलामुलींनी मात्र आठवड्यातून दोनदोनदा सामने खेळून अभ्यासही करावयाचा. ज्या सौद्यात त्यांच्या खेळाचा भाव झालाच नाही, त्याचे ओझे त्यांच्या खांद्यावर आले.

हे परक्याचे घर म्हणून हसण्याजोगे नाही. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. महामारीच्या काळात आयपीएल २०२० मध्ये अमिरातीच्या वाळवंटात नेऊन पार पाडण्यात आली. रणजी स्पर्धा मात्र २०२०-२१ च्या हंगामात, १९३४ पासून प्रथमच, भरली नाही. पुढच्या वर्षी ती भरली, पण तिचे दोन तुकडे झाले: साखळी सामने आयपीएलच्या आधी, बाद फेरी नंतर जूनमध्ये. हंगामाच्या मधोमध श्रीमंत पाहुणा बसला आणि घरच्या माणसाला दोन्ही कडांना सरकावे लागले. मराठी मातीतल्या हुतूतूनेही २०१४ मध्ये लिलाव आणि मालकीचे संघ हाच साचा स्वीकारला. त्यामुळे खेळाडूंच्या हाती पैसा आला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण साचा दुसऱ्या खेळाचा होता, हेही खरे.

मग गल्ला हीच खेळाची नियती मानावयाची काय? इतिहास तसे म्हणत नाही. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याच्या प्रतिनिधींनी वर्ध्यास महात्मा गांधींची भेट घेतली आणि गांधीजींनी जातवार सामन्यांविरुद्ध मत दिले. त्या वर्षी हिंदूंचा संघ उतरला नाही. पुढल्या वर्षी तो परत आला, कारण गर्दीची ओढ मोठी. तरीही विरोध मावळला नाही. १९४५-४६ चा हंगाम पंचरंगीचा शेवटचा ठरला. ती बंद पडली ती मैदान ओस पडले म्हणून नव्हे. तिकिटे विकली जात असताना बंद पडली. आणि जिच्यासाठी रांगा लागत नसत ती रणजी स्पर्धा देशाच्या क्रिकेटचा कणा झाली. गल्ला मैदानाचा आकार ठरवितो खरा, पण त्याच्यावर सही करणारा हात माणसांचाच असतो. सरकारी कागदांवर सह्या करण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगावयास नको.