लांकडी नकाशे आणि बालकांचें भूगोलशिक्षण

नकाशा पातळ फळीवर चिकटवून, देशांच्या सीमारेषांवरून तो करवतीनें कापावयाचा व ते तुकडे मुलांकडून पुन्हां जुळवून घ्यावयाचे, ही रीत बालशाळांतून आतां परिचयाची झाली आहे. तिचा उगम अठराव्या शतकाच्या मध्यास लंडन शहरांत झाला. तिचा जनक म्हणून जॉन स्पिल्सबरी या ताम्रपट कोरणाराचें नांव बहुतेक ठिकाणीं दिलेलें आढळतें. हें मत कितपत ग्राह्य धरावें, आणि या साधनानें मुलांस नेमकें काय शिकविलें, याचा विचार प्रस्तुत लेखीं कर्तव्य आहे.

स्पिल्सबरीचा जन्म १७३९ चा. राजा तिसरा जॉर्ज याचा भूगोलज्ञ थॉमस जेफरीज याजपाशीं त्यानें उमेदवारी केली व पुढें ड्रूरी लेनजवळ रसेल कोर्ट येथें स्वतःचें दुकान घातलें. १७६३ सालीं मॉर्टिमर यानें लंडनमधील कारागीर व व्यापारी यांची जी सूची छापली, तींत भूगोल शिकविणें सुलभ व्हावें म्हणून लांकडावर नकाशे कापणारा, असा त्याचा धंदा नोंदलेला आहे. ताम्रपटावरून छापलेला कागद हातानें रंगवून महोगनीच्या फळीवर डकवीत व बारीक करवतीनें कापीत. तुकडे एकमेकांत अडकत नसत, नुसते शेजारी बसत. मेजास धक्का लागला कीं सारीं राज्यें विस्कटत. जग, त्याचे चार खंड, इंग्लंड व वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड असे त्याचे नकाशे होते. यूरोपच्या राज्यांचा त्याचा नकाशा १७६६ चा आहे. ज्यास खर्च झेपत नसे त्याला समुद्राचे तुकडे वगळून नकाशा कमी किंमतींत मिळे! चोहोंकडून समुद्रानें वेढलेल्या आणि समुद्राच्याच बळावर वाढलेल्या राष्ट्रांत समुद्र हाच अनावश्यक भाग ठरावा, ही मौजेची गोष्ट आहे. स्पिल्सबरी १७६९ त, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आसपास, वारला.

एवढ्यावरून त्यास व्यापारी म्हणून अग्रमान देण्यास हरकत नाहीं. पण जनकत्वाची गोष्ट निराळी. झान मारी लप्रेंस द बोमाँ (१७११–१७८०) ही फ्रेंच बाई त्या काळीं लंडनमध्यें उमरावांच्या मुली शिकवीत असे. १७५६ सालीं तिनें प्रसिद्ध केलेल्या बालबोधपर ग्रंथांत शिक्षिका व विद्यार्थिनी यांचे संवाद आहेत. त्यांत धर्मकथा व परीकथा यांच्या बरोबरीनें भूगोलाचे पाठही येतात. हीच बाई लांकडी नकाशांच्या साह्यानें भूगोल शिकवी, व तेंही स्पिल्सबरीचें नांव सूचींत येण्यापूर्वीं, हें जिल शेफ्रिन या विदुषीनें १९९९ च्या आपल्या संशोधनांत दाखवून दिलें आहे. तेव्हां हें साधन प्रथम शिकविण्याच्या खोलींत जन्मलें व मग दुकानांत आलें, असेंच आम्हांस वाटतें. स्पिल्सबरी आपल्या धंद्याचें प्रयोजन शिकविणें सुलभ करणें असें सांगतो, यांतही तेंच सूचित होतें. शिकविणारे गिऱ्हाईक अगोदर असल्यावांचून कोणी असें दुकान मांडीत नाहीं. मग कीर्ति व्यापाऱ्याकडे कां गेली? व्यापाऱ्याची जाहिरात छापली जाते, मालावर त्याचें नांव राहतें. पंतोजीच्या हातचें साधन मुलांच्या हातीं झिजतें व मोडीत निघतें. चाळीस वर्षे खडू हातीं धरलेल्या आमच्यासारख्यास हा पक्षपात वाटल्यास नवल नाहीं. परंतु पुराव्याचा कल या बाजूसच आहे.

राजवाड्यांतील उदाहरणही याच बाजूचें आहे. १७६२ पासून तिसऱ्या जॉर्जच्या मुलांच्या शिक्षणाची देखरेख लेडी शार्लट फिंच हिजकडे होती. अशा नकाशांनीं भरलेलें तिचें महोगनीचें कपाट अद्यापि जतन केलेलें आहे. खेळतां खेळतां शिकवावें हा विचार जॉन लॉक यानें १६९३ मध्येंच मांडला होता. भूगोल हें डोळ्यांचें व स्मरणाचें काम असल्यामुळें तो लहानपणींच आरंभावा, असेंही त्याचें म्हणणें होतें. कपाटाच्या खणांतून हाच उपदेश वस्तुरूप झाला.

परिणाम काय झाला? कवि कौपर यानें १७८० सालच्या एका पत्रांत एका उमरावाच्या चार वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली आहे. तुकड्यांच्या नकाशांवर खेळून त्या बालकास पृथ्वीवरील राज्यें, नगरें, नद्या यांचीं स्थानें अवगत झालीं होतीं म्हणे. स्थान कळलें म्हणजे देश कळला असें नव्हे, हें कोणीही शिक्षक सांगेल. पुढें जेन ऑस्टिनच्या १८१४ मधील ‘मॅन्सफील्ड पार्क’ या कादंबरींत, गरीब घरची दहा वर्षांची मुलगी श्रीमंत मावशीकडे येते, तेव्हां तिला यूरोपचा नकाशा जुळवितां येत नाहीं म्हणून मावसबहिणी तिला हंसतात. शिक्षणाचें साधन पन्नास वर्षांत कुलीनतेची कसोटी होऊन बसलें होतें. ज्या घरीं तो नकाशाच नव्हता, त्या घरच्या मुलीनें तो जुळवावा कोठून?

आतां या साधनाचा खरा गुण. आपल्या परंपरेंत वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या चौदाव्या अध्यायांत कूर्मविभाग सांगितला आहे. सत्तावीस नक्षत्रें तीन तीन वांटून मध्य व आठ दिशा असे भारताचे नऊ भाग केले, व प्रत्येकांत जनपदें गणलीं. दिशा कळते, नांवें पाठ होतात. पण कोणाची शीव कोणास लागते हें त्या यादीवरून मुलास उमगत नाहीं. लांकडी तुकडा तें हातास शिकवितो. शेजारी चुकला कीं तुकडा बसतच नाहीं. गुरुजींस बोलावें लागत नाहीं. आमच्या वर्गांत नांव येण्यापूर्वीं आकार ओळखणारीं मुलें आम्हीं नेहमीं पाहिलीं.

दोषही त्यांतच आहे. करवत फिरते ती राजांच्या सीमांवरून, नदीच्या खोऱ्यांवरून नव्हे. संस्कृतांत खंड म्हणजे तुकडा, व भूमीचा विभागही. लांकडी नकाशा हे दोन्ही अर्थ एकच करून टाकतो, आणि राज्य हें पृथ्वीचें स्वाभाविक अंगच आहे असें बालमनास वाटूं लागतें. १७६६ च्या यूरोपांत पोलंड अखंड होतें. १७७२ त रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं त्याचे लचके तोडण्यास आरंभ केला, आणि १७९५ त तें राज्य नाहींसें झालें. जुन्या पेटींतून मुलें मात्र तो तुकडा जागच्या जागीं बसवीतच राहिलीं असतील. १९१८ त पोलंड पुन्हां उभें राहिलें, पण निराळ्या आकाराचें.

माँटेसोरीबाई १९३९ मध्यें हिंदुस्थानांत आल्या. त्यांच्या शिक्षणसाहित्यांत देशोदेशींचे असे लांकडी नकाशे, धरावयाच्या गुंड्यांसह, असत. १९५५ सालीं कोणीं भारताचा तसा नकाशा कापला असता, तर मराठी मुलखाचे मुंबई, मध्यप्रदेश व हैदराबाद या तीन राज्यांच्या तुकड्यांत वांटे झाले असते. १९५७ त ते मुंबई राज्याच्या एकाच मोठ्या तुकड्यांत गुजरातेसह आले असते, आणि १ मे १९६० नंतर त्या तुकड्यावर पुन्हां करवत चालवावी लागली असती. गोमंतकाचा बारीक तुकडा त्या दिवशींही पोर्तुगिजांच्याच रंगाचा राहिला असता. तो रंग १९ डिसेंबर १९६१ रोजीं पुसला गेला.