ला रोशफूकोची वचने आणि वार्धक्याचा क्रमांक

ला रोशफूकोची मर्मवचने मनुष्यस्वभावाविषयीचे कालातीत निवाडे म्हणून वाचली जातात. त्यांना लावलेले क्रमांकही हा समज दृढ करतात. क्रमांकाला वय नसते असे वाटते. संहितेचा इतिहास मात्र वेगळा आहे. १६६५ च्या पहिल्या अधिकृत आवृत्तीत ३१७ वचने होती. १६६६ मध्ये ती ३०२ वर आली; आत्मप्रेमाचे दीर्घ चित्रण लेखकाने तेव्हाच गाळले. पुढे १६७१ मध्ये ३४१, १६७५ मध्ये ४१३ आणि १६७८ मध्ये ५०४ अशी वाढ होत गेली. नवी वचने बहुतांशी अखेरीस जोडली गेल्यामुळे क्रमांक हीच येथे कालगणना ठरते.

लेखकाचा जन्म १६१३ चा. फ्रोंदच्या बंडात पराभूत झालेला, १६५२ मध्ये चेहऱ्यावर गोळी लागून दृष्टी जवळजवळ गमावलेला हा उमराव मादाम द साब्ले यांच्या बैठकीत वचने रचण्याच्या खेळात रमला. तेथे वचन एकट्याचे नसे. ते पत्रांतून फिरे, इतरांकडून पारखले जाई. सुरुवातीच्या आवृत्त्यांतील वार्धक्यही बैठकीतूनच न्याहाळलेले आहे. ९३ व्या वचनात वृद्धांच्या उपदेशप्रियतेची थट्टा आहे आणि थट्टा करणारा त्या वृद्धांत स्वतःला मोजत नाही.

१६७५ मध्ये सूर पालटतो. ४०५ व्या वचनात प्रत्येक वयात माणूस नवशिकाच ठरतो. ४०८ वे वचन एकेकाळी लोभस असलेल्या वृद्धांच्या विस्मरणावर आहे. १६७८ च्या भरीत तर हा विषय पुनःपुन्हा येतो: ४१६, ४१८, ४२३, ४४४, ४६१. त्यांतही ४२३ वे विलक्षण आहे. तेथे म्हातारपण ही अवस्था न राहता जमावी लागणारी, फार थोड्यांना जमणारी विद्या होते. विनोद तितकाच धारदार आहे. फक्त त्याचे पाते आता रचणाऱ्याच्या दिशेलाही वळलेले आहे.

मधल्या काळातील संधिवात, १६७२ मध्ये ऱ्हाइन ओलांडताना पडलेला मुलगा, यांवरून वचनांचा अर्थ लावण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पुरावा चरित्राचा नाही, आवृत्त्यांचा आहे. 'स्वभाव' या नावाखाली एकच स्थिर वस्तू पाहिली जात होती हे गृहीतक त्याने ढासळते. मृत्यूची तमा न बाळगण्याच्या आविर्भावाविषयीचे दीर्घ वचन मात्र १६६५ पासून ग्रंथाच्या शेवटीच राहिले. म्हातारपणाची नवी वचने त्याच्या अलीकडे दाटीवाटीने बसवली गेली.