सीमा बदलल्या, पूर्वज कुठे शोधायचे?

इंग्लंडच्या टॉडमॉर्डन गावातून 1888 पर्यंत लँकेशायर आणि यॉर्कशायर या काउंट्यांची सीमा जात होती. रॉचडेल चर्चच्या पॅरिशमधला भाग लँकेशायरचा, पण त्याची जनगणना यॉर्कशायरच्या नोंदणी जिल्ह्यात! एकाच काउंटीत शोधणाऱ्याला पणजोबा सापडत नाही. सीमा ओलांडली की सापडतो. कारण 1841 पासून तिथे गिरणी कामगाराचेही नाव जपले आहे.

आपल्याकडे ब्रिटिशांनी 1931 पर्यंत जात मोजली. नावांची पत्रके मात्र जपली नाहीत. तरी अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आपणच द्यायचा. नोंदी सरकारने गमावल्या, हेलपाटे आपल्याला!

उदगीर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. म्हणून बांधवांनो, आजोबांचा कागद लातूरला मिळाला नाही तर बीदरलाही शोधा.

जय भीम!