प्रतिजैविकांची पिंपरी आणि विषाणू-प्रतिबंध : अवयव प्रत्यारोपणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा आज मोटार उद्योगासाठी ओळखला जात असला, तरी पिंपरीच्या औद्योगिक इतिहासातील एक आरंभीचे पर्व औषधनिर्मितीचे आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. पुढे याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' या नावात पिंपरी कायमची कोरली गेली.

१९५४ मध्येच बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. दाता व रुग्ण एकरूप जुळे भाऊ असल्याने शरीराने नवा अवयव नाकारला नाही. इतर रुग्णांसाठी मात्र प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे अपरिहार्य ठरली आणि तेथूनच नवा प्रश्न उद्भवला. अवयव टिकवणाऱ्या या औषधांमुळेच शरीरात सुप्त असलेले विषाणू जागृत होऊ लागले. सायटोमेगॅलो विषाणू हे त्याचे ठळक उदाहरण होय. भारतातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात तो आधीपासूनच असतो. जिवाणू व बुरशी यांवर मात करणारी प्रतिजैविके विषाणूंपुढे निष्प्रभ ठरतात.

म्हणून प्रतिबंधाची साखळी हळूहळू घडत गेली : दाता व रुग्ण यांची पूर्वतपासणी, हिपॅटायटिस बी आदींचे शक्यतो प्रत्यारोपणापूर्वी लसीकरण, रक्तातील विषाणूंवर देखरेख आणि जोखमीनुसार साधारणतः तीन ते सहा महिने प्रतिबंधक औषध. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरच्या गोळीने हे उपचार घरी घेणे सुकर झाले. मात्र किमतीचा प्रश्न उरला. त्यामुळेच भारतात या औषधाचे पेटंट वादग्रस्त ठरले आणि २०१० मध्ये ते रद्द झाले.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला. पुढे पिंपरी-चिंचवडमध्येही प्रत्यारोपण होऊ लागले. मात्र शस्त्रक्रियेने धोका संपत नाही, हे ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तेव्हा आणि २०२० च्या कोरोना साथीत प्रकर्षाने जाणवले. कामगारांनी भरलेली बस आणि दाटीची वस्ती येथे परतणाऱ्या रुग्णाचे रक्षण एकट्या रुग्णालयाला करता येत नाही. कुटुंबीयांचे लसीकरण, परवडणारे औषध आणि नियमित तपासणीसाठी हक्काची रजा हेही प्रतिबंधाचेच घटक ठरतात.

सारांश, १९५४ ची पिंपरी औषध निर्माण करून आरोग्याचा प्रश्न सोडवू पाहत होती. आजच्या पिंपरीला औषधासोबत अखंड दक्षतेचीही व्यवस्था उभारावी लागणार आहे.