लांकडी नंदीचीं चाकें

खरें वाहन दारीं असो वा नसो, त्याची लहानशी प्रतिकृति करावी, ती सजवावी आणि चार माणसांना दाखवावी, ही हौस मनुष्याला फार जुनी आहे. आजच्या काळीं या हौसेचें सर्वांच्या ओळखीचें रूप म्हणजे लहान आकाराच्या मोटारी. इंग्लंडांत लिव्हरपूल येथें फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कारखान्यानें १९३३ च्या अखेरीस, खेळांतल्या आगगाडीच्या शोभेसाठीं म्हणून, धातूच्या मोटारी काढल्या. १९३४ पासून त्यांना डिंकी टॉइज हें नांव पडलें. हॉर्नबींच्या आगगाडीचें प्रमाण एका फुटास सात मिलिमीटर, म्हणजे सुमारें त्रेचाळिसास एक, असें होतें. तेंच या मोटारींना लागू झालें. आणि पुढें आगगाडी बाजूला पडली तरी मोटारी जमविणाऱ्यांनीं तें प्रमाण सोडलें नाहीं. या छंदाची वंशावळ सांगणारे बहुधा येथूनच आरंभ करतात. परंतु गोंदिया जिल्ह्यांतल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाला विचारलें, तर तो लिव्हरपूलकडे बोट न दाखवितां घरांतल्या मांडणीकडे दाखवील. तेथें लांकडाचा एक बैल फळीवर उभा असतो आणि त्या फळीला चार चाकें असतात.

बैल गाडी ओढतो. त्याला स्वतःला चाकें कशाला हवींत? प्रश्न वरवर मुलासारखा वाटेल, पण त्याचें उत्तरहि मुलाशींच येऊन पोंचतें. चाकें बैलासाठीं नाहींतच. तीं दोरी धरणाऱ्यासाठीं आहेत.

महाराष्ट्रांत ही कल्पना किती पुरातन आहे याचा पुरावा प्रवरेच्या कांठीं मिळाला आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं छबू लक्ष्मण भिल हे एका झाडाचें मूळ उकरीत असतां धातूच्या चार भरींव प्रतिमा त्यांच्या हातीं लागल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि चौथा दोन बैल जुंपलेला रथ. चारींचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरलें. रथाची लांबी सुमारें पंचेचाळीस सेंटिमीटर असून त्यांत सोळा सेंटिमीटर उंचीचा सारथि उभा आहे. रथाचा आणि बैलांचा मेळ आजहि कोणा शेतकऱ्यास ओळखूं यावा असा आहे. परंतु खरें नवल पुढेंच आहे. गेंडा आणि रेडा हींहि जनावरें चाकांवर उभीं केलेलीं आहेत. हत्तीच्या बैठकीलाहि आंसाची सोय आहे, चाकें मात्र गळून गेलेलीं आहेत. गेंड्याला कोणी गाडीला जुंपीत नाहीं. तेव्हां वाहन नसलेल्या प्राण्यालाहि वाहन करून फिरवावें, मिरवावें, हा विचार त्या कारागिराच्या मनांत होता हें उघड आहे. या प्रतिमा हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळांतल्या, म्हणजे सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या, असें उत्खननकर्ते साळी यांचें मत. धातूंतील सोमलाच्या प्रमाणावरून कांहीं विद्वानांनीं त्यांचा काळ बराच अलीकडे आणला आहे. वाद काळाचा आहे. चाकांविषयीं वाद नाहीं.

वाङ्मयांतहि अशी एक गाडी अमर झाली आहे. शूद्रकाच्या ज्या नाटकाला गोविंद बल्लाळ देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणलें, त्या मृच्छकटिकाचें नांवच मुळीं मातीच्या गाडीवरून पडलें. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशीं खेळलेला चारुदत्ताचा मुलगा मातीची गाडी हातांत घेऊन रडतो, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या गाडींत घालते. लहान वाहन खेळण्यापुरतें असतें, पण तें मिरविलें गेलें कीं त्यांत घरची ऐपत दिसूं लागते. ही गोष्ट पुढें पुन्हां भेटणार आहे.

आतां विदर्भाकडे वळावें. श्रावणी अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशीं, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा. पहिला दिवस गोठ्यांतल्या बैलांचा, दुसरा घरांतल्या मुलांचा. हा दुसरा दिवस नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यांत दुसऱ्या रघूजींनीं १८०६ सालीं सुरू केला अशी परंपरा सांगितली जाते. तो काळ ध्यानांत घेण्यासारखा आहे. १८०३ च्या नोव्हेंबरांत आडगांवच्या लढाईंत रघूजींचा पराभव झाला आणि पुढल्याच महिन्यांत देवगांवच्या तहानें कटक व वर्धेपलीकडचें वऱ्हाड त्यांच्या हातून गेलें. राज्य आंखडलेल्या त्या दरबारांत, परंपरा म्हणते त्याप्रमाणें, तीनच वर्षांनीं मुलांच्या हातीं लांकडी बैल दिले गेले. ज्या राज्याचें बळ शेवटीं धान्यावर आणि धान्य वाहणाऱ्या बैलांवर उभें होतें, तेथें हा उत्सव रुजला यांत आश्चर्य नाहीं. त्या वेळीं आजचा गोंदिया जिल्हा भोसल्यांच्याच राज्यांत मोडत होता. पुढें तो भंडारा जिल्ह्यांत गेला आणि १ मे १९९९ पासून स्वतंत्र झाला.

हा मुलूख भाताचा आणि तलावांचा. श्रावण सरतां सरतां रोवणी आटोपते, चिखलांत राबून बैलांचे खांदे सुजलेले असतात. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशीं त्यांचे खांदे हळद व तूप लावून शेकतात. पोळ्याच्या दिवशीं त्यांस कामाला लावीत नाहींत. अंगावर झूल, कपाळाला मठाटी, शिंगांना बेगड, गळ्यांत घुंगुरमाळ अशा थाटांत ते तोरणाखालीं उभे राहतात, आणि मंडळी आलटूनपालटून झडत्या म्हणतात. दुसऱ्या दिवशीं हेंच सारें लहान मापानें होतें. झूल वीतभर, तोरण मुलाच्या उंचीचें, कासऱ्याच्या जागीं सुतळी. आई मुलाला आणि नंदीला ओवाळते. मग मुलगा नंदी ओढीत घरोघर जातो आणि त्याला बोजारा मिळतो: कुठें नाणें, कुठें खाऊ. या बैलाला कोणी लांकडी बैल म्हणत नाहीं, नंदी म्हणतात. महादेवाच्या वाहनाचें नांव देऊन मुलाच्या वाहनाचा मान वाढविलेला असतो.

नंदी घडविणारा सुतार फुटास मिलिमीटर मोजीत नाहीं. धड बहुधा एकाच ठोकळ्याचें असतें. कान व शिंगें निराळीं करून बसवितात. सागवान चांगलें, पण हलकें लांकूडहि चालतें. चार पाय बारीक केले तर मुलाच्या हातून दोन दिवसांत मोडतील, म्हणून ते जाड आणि आंखूड ठेवावे लागतात. उलट वशिंड आणि शिंगें मोठीं काढतात, कारण शेतकऱ्याची नजर बैल पारखतांना प्रथम तेथेंच जाते. रंग बहुधा पांढरा. नागपूर, वर्धा आणि गोंदियाला लागून असलेला बालाघाट या पट्ट्यांत गवळाऊ नांवाची पांढऱ्या रंगाची, हलक्या बांध्याची आणि चालण्यांत चपळ अशी बैलांची जात आहे. सुताराच्या डोळ्यांपुढें तोच बैल असावा असें म्हणण्यास हरकत नाहीं. मोटारीच्या प्रतिकृतींत दाराची मूठसुद्धां प्रमाणाबाहेर गेली तर संग्राहक नाक मुरडतो. नंदींत प्रमाण बिघडविलेलें असतें तें जाणूनबुजून, आणि तरीहि पाहणारा फसत नाहीं.

या दोन छंदांतला खरा भेद मापाचा नाहीं, तो निराळाच आहे. कपाटांतली मोटार बहुधा अशा गाडीची असते जी मालकानें कधीं चालविलेली नाहीं, किंवा जी रस्त्यावरून केव्हांच नाहींशी झाली. नंदी मात्र गोठ्यांत त्याच वेळीं रवंथ करीत असलेल्या बैलाची प्रतिकृति होता. चार वर्षांचा मुलगा सुतळी धरून जें करी, तेंच दहाव्या वर्षीं कासरा धरून करावयाचें असे. तें खेळणें होतें, तशीच ती उमेदवारीहि होती.

वस्तु गेली कीं तिची प्रतिकृति मागें उरते, हें गोंदियाकरांनीं आगगाडीच्या बाबतींत पाहिलेंच आहे. १९०३ ते १९०५ या काळांत गोंदियापासून जबलपुरापर्यंत अरुंद रुळांचा मार्ग टप्प्याटप्प्यानें खुला झाला. मोठ्या गाडीच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, या गाडीचें ७६२. एकाच स्टेशनांत मोठी आणि लहान अशा दोन्ही गाड्या उभ्या राहत. पण लहानीला खेळण्यांतली समजण्याची चूक कोणी करीत नसे, कारण तिच्यांतून माणसें आणि माल जात होता. तो मार्ग आतां रुंद झाला. लहान गाडीची आठवण नागपूरच्या मोतीबाग येथें २००२ सालीं उघडलेल्या नॅरोगेज संग्रहालयांत जपलेली आहे. पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी यांनीं सत्त्याऐंशीस एक या प्रमाणांत बांधलेली लहान रेल्वेची नगरी १९९८ पासून लोकांना पाहावयास मिळाली. तिच्यांतहि वाफेचीं इंजिनें धांवतात, जीं खऱ्या रुळांवरून निवृत्त झालेलीं आहेत.

नंदीवर तीच पाळी येत आहे. भाताच्या बांध्यांत आज चिखलणी ट्रॅक्टर करतो. बैलजोडी ठेवणें लहान शेतकऱ्यास परवडत नाहीं. झाडीपट्टीचा जुना शंकरपट ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें थांबला. डिसेंबर २०२१ मध्यें त्याला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालानें कायदाहि टिकला. मधल्या साडेसात वर्षांत केवळ पटासाठीं बैल पोसणाऱ्या कित्येकांना तो भार जड झाला. पोळ्याच्या तोरणाखालीं जोड्या कमी दिसतात, आणि तान्ह्या पोळ्याला नंदी मात्र वाढलेले दिसतात. ज्या घरांत गोठाच नाहीं तेथेंहि नंदी येतो. त्या मुलाला बैलाच्या अंगाची ऊब, त्याचा वास, दोर ताणला असतां हाताला बसणारा हिसका, यांतलें कांहीं ठाऊक नसतें. त्याच्यापुरता नंदी हा डिंकी मोटारीच्याच जातीचा झाला.

सजावटीच्या स्पर्धांनीं या बदलाला आणखी वेग दिला आहे. गांवोगांवचीं मंडळें उत्कृष्ट नंदीला आणि उत्कृष्ट वेषभूषेला बक्षिसें देतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं, सुताराच्या हाताला काम मिळतें. परंतु मृच्छकटिकांतली सोन्याची गाडी येथें पुन्हां दिसूं लागते. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी रेल्वे येथला तान्हा पोळा मोठमोठ्या नंदींसाठीं प्रसिद्ध आहे आणि तेथली कारागिरी पाहण्यासारखी असते यांत शंका नाहीं. तरी जो नंदी ओढावयास चार मोठीं माणसें लागतात, त्याच्याजवळ मुलाला करावयाचें काम उरत नाहीं. तो बाजूला उभा राहून पाहतो. वीतभर नंदी घेऊन आलेलें पोर मात्र रस्त्याच्या कडेनें आपला बैल स्वतः ओढीत असतें, आणि खड्डा आला कीं वळून त्याला उचलून घेतें.

अशा नंदीचें आयुष्य मोठें असतें. एका भावाचा झाला कीं दुसऱ्याचा होतो, मग त्याच्या मुलांचा. रंग दर पोळ्याला नवा, सुतळी नवी, झूल जुन्या लुगड्याची. शिंग तुटलें तर घरींच चिकटवितात. सुताराकडे त्याला न्यावें लागतें तें बहुधा चाकांसाठीं. आंस पोखरतो, चाक लंगडूं लागतें, आणि पोळ्याच्या आधींच्या आठवड्यांत जुने नंदी दुकानाच्या ओट्यावर चाकांवांचून पालथे पडलेले असतात.